सण तिकडेच राहिला, सेल तेवढा इकडे आला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची लहानपणापासूनची वाचक, मधली बावीस वर्षं अमेरिकेत गेली तेवढी सोडून. याआधी कधी पत्र लिहिलं नाही, पण गेल्या शुक्रवारचा अंक हातात घेतला आणि राहवलं नाही. पहिलं पान म्हणजे बातम्यांचं पान नव्हतंच, अख्खी जाहिरात होती, काळ्या रंगाची, त्यावर पिवळ्या मोठ्या अक्षरात ‘ब्लॅक फ्रायडे’. पान उलटलं तर पाठीमागे दुसरी. माझी आई आता ८२ वर्षांची आहे, सकाळी पेपर आधी तिला लागतो, तिने ते काळं पान बघितलं आणि घाबरून मला हाक मारली, अगं काळा शुक्रवार म्हणजे काय झालं, कोण गेलं? पहिल्या पानावर एवढं काळं म्हणजे कुणीतरी मोठं माणूस गेलं असणार असंच तिला वाटलं. मी म्हटलं कोणी गेलं नाही आई, सेल आहे. ती म्हणाली, कशाचा? कुठला सण आहे आता, दिवाळी तर होऊन गेली.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

कारण सण आहे, खरंच आहे. फक्त तो आपल्याकडे आलेला नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा शुक्रवार. थँक्सगिव्हिंग म्हणजे आभार मानायचा दिवस. वर्षभर जे मिळालं, पीकपाणी, घर, माणसं, त्याबद्दल सगळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवायचं, बास, एवढाच सण. देवाची मूर्ती नाही, फटाके नाहीत, एकमेकांना गिफ्ट द्यायची पद्धत नाही, आणि मला तर तिथल्या सगळ्या सणांत हाच सगळ्यात आपला वाटायचा कारण मुलं विमानानं, गाडीनं, बसनं, हजार हजार मैलांवरून आईच्या घरी येतात आणि जेवतात, आपल्या दिवाळीला गावी जायची जी ओढ असते ना तीच. आपल्याकडे काय आलं, तर त्यातलं जेवण नाही, आभार नाहीत, नुसता दुसऱ्या दिवशीचा बाजार आला.

आम्ही १९९९ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला गेलो, बर्गन काउंटीत. मुलगा पाच वर्षांचा होता. नोव्हेंबरमध्ये त्याने शाळेतून एक कागद आणला, त्यावर स्वतःचा पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवलेला, अंगठा म्हणजे टर्की या पक्ष्याचं डोकं आणि चार बोटं म्हणजे पिसारा. तिथं बालवर्गात सगळी पोरं हे करतात. प्रत्येक बोटात त्याने टीचरच्या मदतीनं एकेक शब्द लिहिला होता, कशाबद्दल आभारी आहे ते. आई, बाबा, डोंबिवलीची आजी, आणि करंगळीत ‘स्नो’, म्हणजे बर्फ अजून पडलेला पण नव्हता पण त्याला कळलं होतं की पडणार आहे. तो कागद फ्रिजवर लावला, पुढे घर बदललं तरी फ्रिजवर लावला, आजही माझ्याकडे आहे.

शेजारी एक आजी होत्या, एकट्याच राहायच्या, नवरा वारलेला, त्यांनी आम्हाला त्या गुरुवारी जेवायला बोलावलं. आम्ही कोण कुठले, तीन महिन्यांची ओळख, पण म्हणाल्या, या दिवशी कोणी एकटं जेवायचं नसतं. गेलो. टर्कीच्या पोटात ब्रेडचे तुकडे, कांदा, सेलरी आणि सेज नावाची वासाची पानं घालून भाजलेलं असायचं, उकडलेल्या बटाट्याचा लोण्यातला लगदा, रताळी, क्रॅनबेरीचा गोड-आंबट सॉस, शेवटी भोपळ्याचा ‘पाय’, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. माझ्यासाठी, मी शाकाहारी म्हणून, वेगळ्या भांड्यात सगळं केलं होतं आणि चमचाही वेगळा ठेवला होता, हे मी त्यांना सांगितलं पण नव्हतं, त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं. जेवायच्या आधी त्यांनी हात धरायला लावले आणि म्हणाल्या, आता प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, यंदा कशाबद्दल आभारी आहात. सगळ्यांनी सांगितलं. माझ्यावर आलं आणि मला बोलताच येईना. इंग्रजी येत होतं, तो प्रश्न नव्हता. आपल्यात घरच्या माणसाचे आभार मानायची पद्धतच नाही ना, आभार मानले तर समोरचा उलट रुसतो, एवढं परकं केलंस का म्हणतो. मी कसंबसं काहीतरी, या जेवणाबद्दल, असं म्हणून वेळ मारून नेली आणि रात्री घरी येऊन मला फार वाईट वाटलं.

पण नंतर विचार करता करता लक्षात आलं की आपल्याकडे हे तोंडानं नाही बोलत, हातानं करतो. माझ्या आईचं माहेर परभणीकडचं. तिथं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी, म्हणजे वर्षभर जिथं जू बसतं त्या खांद्याला तूप-हळद लावून चोळायचं आणि त्याला जेवायचं निमंत्रण द्यायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’. दुसऱ्या दिवशी त्याला न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळीचा घास द्यायचा, आणि त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही म्हणजे नाही, कितीही काम असो. सासर माझं कोकणातलं, तिथं नवं भात आलं की दसऱ्याच्या सुमाराला दाराला ‘नवं’ बांधतात, भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, सुतार करवत खाली ठेवतो, रिक्षावाला रिक्षाला हार घालतो. लक्ष्मीपूजनाला तर आपण केरसुणीला हळदकुंकू लावतो हो, जी वर्षभर दाराच्या मागे असते तिला. ज्याच्या जिवावर वर्ष निघालं त्याला त्या दिवशी कामाला जुंपायचं नाही, त्याला पाट मांडून बसवायचं. आपलं आभार मानणं ते हे.

आणि अमेरिकेतला तो गुरुवार पण मुळात असाच होता, म्हणून मला इतका आवडला. सगळं बंद असायचं. आम्ही गेलो तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या दुपारी रस्त्यावर अक्षरशः चिटपाखरू नसायचं, दूध संपलं तर शेजारी मागायचं. दुकानात काम करणारी बाई, गोदामातला माणूस, सगळे घरी. टीव्हीवर सकाळी न्यूयॉर्कची मिरवणूक, १९२४ पासून निघते, ती बघायची, मग त्यांचा अमेरिकन फुटबॉल, मग जेवण, मग पेंगायचं. आमच्या मराठी घरांनी पण तो सण मनापासून घेतला, कारण दिवाळीला तिथं तेव्हा सुट्टी नसायची, ऑफिस करून रात्री फराळ खायचा, आणि हे चार दिवस मात्र सगळ्यांना एकत्र मिळायचे, मग चार-पाच घरं मिळून एकाकडे जमायचो, पुरण व्हायचं, पावभाजी व्हायची, एक मैत्रीण क्रॅनबेरीला मोहरी-हिंगाची फोडणी देऊन लोणचं घालायची ते तर अगदी करवंदाच्या लोणच्यासारखं लागायचं. मी पण शिकले, आजीबाईंना बरणी भरून दिली, त्या ते टर्कीबरोबर खायच्या. आणि शुक्रवार म्हणजे त्यांच्या घरी शिळ्याचा दिवस. टर्कीची हाडं मोठ्या पातेल्यात उकळत ठेवायच्या आणि त्याचं सूप दिवसभर, येईल त्याला.

हा सण काही अगदी निर्मळ आहे असं मला म्हणायचं नाही. शाळेत मुलांना गोष्ट सांगतात की १६२० ला मेफ्लॉवर नावाच्या जहाजातनं १०२ माणसं इंग्लंडहून आली, प्लिमथला वस्ती केली, पहिल्या हिवाळ्यात त्यातली जवळजवळ निम्मी मेली, मग तिथल्या वाम्पानोआग लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवला आणि १६२१ च्या सुगीला दोघं एकत्र जेवले. तीन दिवस जेवण चाललं, मॅसॅसॉइट हा वाम्पानोआगांचा प्रमुख नव्वदेक माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली, हे खरंच आहे. पण पुढचं शाळेत सांगत नाहीत. पन्नासेक वर्षांनी त्याच मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम याच्याशी गोऱ्यांचं युद्ध झालं, तो मारला गेला आणि त्याचं शिर त्याच प्लिमथमध्ये खांबावर लावून ठेवलं. आम्ही एकदा प्लिमथला गेलो होतो, तिथं टेकडीवर मॅसॅसॉइटचा पुतळा आहे समुद्राकडे तोंड करून, आणि १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूळ रहिवासी लोक तिथं जमून शोकदिन पाळतात. मुलाला मी तिथंच हे सगळं सांगितलं. ज्यांनी जेवायला घातलं त्यांचंच पुढे काय केलं हे माहीत असल्याशिवाय आभार कसले मानायचे.

तर आता बाजार. लोकांना वाटतं बाजार आत्ता घुसला, इंटरनेटनंतर. तसं नाहीये. तुम्ही संपादक आहात म्हणून मुद्दाम सांगते, हा दिवस राष्ट्रीय सण झाला तो एका संपादिकेमुळे. सारा जोसेफा हेल नावाची विधवा बाई, बायकांचं मासिक चालवायची, तिने वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले, गव्हर्नरांना पत्रं, एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं, की सगळ्या देशाचा मिळून आभाराचा एकच दिवस असू द्या. शेवटी १८६३ ला, यादवी युद्धात घरोघरी माणसं मरत होती तेव्हा, तिने लिंकनला सप्टेंबरमध्ये लिहिलं आणि ऑक्टोबरच्या ३ तारखेला त्याने जाहीर केलं, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. आणि १९३९ ला काय झालं, तो शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. व्यापारी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे गेले की ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतात, आणि रूझवेल्टने सण एक आठवडा अलीकडे घेतला! अर्ध्याच्या आसपास राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही, टेक्सासने तर दोन्ही गुरुवार पाळले. कॅलेंडरं छापून झालेली, आई एका राज्यात, मुलगा दुसऱ्या राज्यात, त्याची सुट्टी या आठवड्यात तर हिची पुढच्या. दोन वर्षं हा घोळ चालला, मग १९४१ ला कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. म्हणजे विचार करा, दुकानाला आठवडाभर जास्त मिळावा म्हणून आख्ख्या देशाची पंगत हलवली.

आणि ‘ब्लॅक फ्रायडे’ हे नाव. जाहिरातीवाले सांगतात की त्या दिवशी दुकानाचा हिशेब तोट्याच्या लाल शाईतून नफ्याच्या काळ्या शाईत जातो म्हणून काळा शुक्रवार. ही गोष्ट नंतर जोडलेली आहे. नाव पाडलं फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी, १९५०-६० च्या काळात, कारण त्या शुक्रवारी खरेदीला आणि शनिवारच्या फुटबॉल मॅचला शहरात इतकी गर्दी लोटायची की पोलिसांना रजा नाही, तासन् तास रस्त्यावर उभं. ज्यांना सणाची सुट्टी मिळाली नाही त्या माणसांचा वैताग त्या नावात आहे. माझ्या आईने ते काळं पान बघून जे विचारलं ते फार चुकीचं नव्हतं.

आम्हीही गेलोय सेलला, ते लपवत नाही. २००५ ला यांनी आणि मी पहाटे साडेतीनपासून रांग लावली टीव्हीसाठी, थंडी शून्याखाली. तेव्हा तिथला थँक्सगिव्हिंगचा पेपर म्हणजे वर्षातला सगळ्यात जाडजूड, दारात पडला की धप्प आवाज यायचा, उचलला की बातम्यांची चार पानं आणि मध्ये दोन-तीन इंच जाहिरातींचे कागद. लोक जेवणाच्या टेबलावर ताटं बाजूला सारून ते कागद पसरायचे, कुठे किती वाजता उघडतंय, कुणी कुठल्या रांगेत उभं राहायचं. आम्ही पण तेच केलं. टीव्ही मिळाला.

मग २००८. तो गुरुवार मी जन्मात विसरणार नाही. बुधवारी दुपारी ऑफिसमध्ये बातमी आली, मुंबईत गोळीबार, सीएसटी. माझा भाऊ फोर्टला बँकेत, रोज सीएसटीवरून डोंबिवली. फोन लागेना. तिथली वेळ रात्रीची, नेमका त्याचा लोकल पकडायचा सुमार. दोन-अडीच तास मी नुसती नंबर फिरवत होते आणि समोर टीव्हीवर स्टेशनचा तो हॉल दिसत होता जिथून मी कॉलेजला असताना पाच वर्षं आले-गेले. शेवटी आईचा फोन लागला, तो आधीच्या लोकलनं निघून घरी पोचला होता. गुरुवारी आजीबाईंकडे जेवायला गेलो, ताजच्या घुमटातून धूर निघतोय हे टीव्हीवर चालूच होतं, त्यांनी टीव्ही बंद करू का विचारलं, मी नको म्हटलं, मग आवाज बंद करून तसाच ठेवला. हात धरले. माझ्यावर आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला शब्द शोधावे लागले नाहीत. म्हटलं, माझा भाऊ आधीच्या लोकलमध्ये चढला. आणि मी रडायला लागले, आजीबाई पण, आणि मुलगा चौदा वर्षांचा, त्याने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या बातम्या बघायला टीव्ही लावला तर मध्येच तिथलीच बातमी. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर पहाटे पाच वाजता सेलसाठी दुकानाचं दार उघडताना गर्दीनं दारच तोडलं आणि आत उभा असलेला कामगार पायाखाली चेंगरून मेला. सणापुरता भरती केलेला माणूस, ३४ वर्षांचा. एका बाजूला माझं शहर जळतंय आणि दुसरीकडे हे. मी यांना म्हटलं, तीन वर्षांपूर्वी आपण अशाच दारासमोर उभे होतो. आमच्या घरातून त्यानंतर कोणी त्या रांगेत गेलं नाही.

पण दुकानं थांबली नाहीत ना. आधी शुक्रवारी पहाटे पाच, मग चार, मग मध्यरात्री, मग चक्क गुरुवारी रात्री आठ, मग सहा, मग काही ठिकाणी पाच. म्हणजे जेवण टेबलावर आणि दुकान उघडं. २०१४ ला मुलगा कॉलेजात होता, एका मोठ्या दुकानात पार्टटाइम करायचा, त्याला गुरुवारची शिफ्ट लागली, चार वाजता हजर. सुट्टी मागितली तर सांगितलं नवीन लोकांना या दिवशी सुट्टी नाही. आमचं जेवण तीनला ठरायचं पण टर्की म्हणजे काही घड्याळ बघून भाजत नाही, साडेतीन झाले तरी ओव्हनमध्येच. तो दुकानाचा टी-शर्ट घालून, गळ्यात नावाचा बिल्ला अडकवून टेबलाशी बसला होता. हात धरून बोलायची पाळी त्याची शेवटून दुसरी असायची, आजीबाईंनी त्याला पहिली दिली. तो म्हणाला, मी आभारी आहे की मला इथे वीस मिनिटं बसता आलं. आणि उठला, जॅकेट घातलं, गेला. मग टर्की आली. आजीबाईंनी त्याचं ताट वाढलं, वर चांदीचा कागद लावला, आणि त्या खुर्चीवर कोणालाही बसू दिलं नाही, पाहुणे जास्त होते, एक जण उभ्याने जेवला, पण ती खुर्ची रिकामी. पोरगा रात्री दीडला आला, थंड झालेलं ताट तसंच स्वयंपाकघरात उभं राहून खाल्लं. फ्रिजवर त्याच्या पंजाची टर्की होती.

मी त्या दुकानाला एकट्याला दोष देत नाही, सगळीच तशी होती, आणि गिऱ्हाईक म्हणून आम्ही सगळे होतोच की. पण हे टाळता येतं, हे मला सांगायचंय. मी राहायचे त्या बर्गन काउंटीत एवढे मोठाले मॉल आहेत पॅरामसला, पण रविवारी कपड्यांची, फर्निचरची, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बंद, कायद्यानेच, जुन्या काळापासून. सुरुवातीला मला राग यायचा की रविवारीच तर वेळ असतो. मग सवय झाली, रविवारी रस्ते शांत, आणि लोकांना विचारलं तर त्यांनी मतदान करून तो नियम राखलाय. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत मोठी दुकानं थँक्सगिव्हिंगला उघडायलाच बंदी आहे. आणि २०२० ला कोविड आला, गर्दी नको म्हणून मोठमोठ्या दुकानांनी गुरुवारी बंद ठेवलं, आणि काही बिघडलं नाही, मग पुढच्या वर्षापासूनही बऱ्याच जणांनी बंदच ठेवलं. इतकी वर्षं सगळे सांगत होते की आता काटा मागे फिरणार नाही. फिरला. आता बाजार फोनवर गेलाय हे खरंय, सेल नोव्हेंबर लागला की सुरू होतो आणि टेबलाशी बसून लोक खाली बघत अंगठा फिरवतात, गोदामातल्या माणसाची शिफ्ट काही सुटलेली नाही.

आजीबाई २०१७ ला गेल्या. आम्ही २०२१ ला आईसाठी परत आलो. आणि आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं.

यंदाची भाऊबीज. भाऊ आला होता, त्याची मुलं, सगळे. दुपारी एकच्या सुमारास श्रीखंड कमी पडेल असं वाटलं म्हणून मी भाचीला फोनवरून मागवायला सांगितलं, दहा-पंधरा मिनिटांत बेल वाजली. मी दार उघडलं. वीस-एकवीसचा मुलगा, हेल्मेट डोक्यावरच, घामाघूम, तीन मजले चढून आलेला कारण लिफ्ट बंद होती. माझ्यामागे आई काठी टेकत आली, तिची सवय आहे, दारात आलेल्याला विचारल्याशिवाय राहात नाही, जेवलास का रे? तो म्हणाला नाही आजी, अजून ऑर्डरी आहेत. ती म्हणाली, बहीण आहे का? म्हणाला आहे, गावाला, नांदेडकडे, रात्री व्हिडिओ कॉल करतो म्हटलंय तिला. आईने त्याला आत ये म्हटलं, ताट वाढते म्हटलं, तो फोनकडे बघून म्हणाला नको आजी, उशीर झाला तर कापतात. आईने लाडू दिले दोन, ते त्याने खिशात घातले आणि जिना उतरला. आत ओवाळणी चालली होती, पाटावर भाऊ बसला होता, ताटात निरांजन. मला एकदम तो गळ्यात बिल्ला अडकवलेला माझा मुलगा दिसला. आणि हे मी मागवलं होतं, कोणी दुसऱ्याने नाही. दोन डब्बे श्रीखंड. नसतं आणलं तर सगळ्यांनी एकेक चमचा कमी खाल्लं असतं.

आई संध्याकाळी नुसतं एवढंच म्हणाली, आमच्याकडे पोळ्याला बैलाला सुद्धा आवतण द्यायचे गं.

आमच्या घरात आता ठरलंय की लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज या दिवशी बाहेरून काही मागवायचं नाही, जे लागतं ते धनत्रयोदशीपर्यंत आणून ठेवायचं, पूर्वी आणायचोच की. सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलं, काही जणांनी हो म्हटलं, एक जण म्हणाला त्या मुलांना सणाला जास्त पैसे मिळतात, त्यांचं नुकसान कशाला. त्याचं म्हणणं मला पटत नाही असं नाही, मी त्यावर बराच विचार केला. पण माझ्या मुलालाही त्या रात्रीचे जास्त पैसे मिळाले होते. त्याला विचारलं तर तो आजही सांगतो, पैसे किती मिळाले ते आठवत नाही, खुर्ची आठवते. दिवाळीची बक्षिसी त्या पोरांना आदल्या आठवड्यात हातात देता येते, दिवस मात्र नंतर देता येत नाही.

तुम्ही जाहिरात घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पेपर कसा चालतो हे मला कळतं, इतक्या कमी पैशांत घरपोच अंक जाहिरातीशिवाय देता येत नाही. पण ब्लॅक फ्रायडेची पान पान जाहिरात छापता त्या दिवशी आतल्या पानावर कुठेतरी चार ओळी हा दिवस मुळात कशाचा आहे त्याच्या छापा. माझ्या आईसारख्या वाचकांना कळेल तरी. आणि दुसरी एक विनंती. तुमचा पेपर आजही वर्षातले मोजके दिवस बंद असतो, लक्ष्मीपूजनाला कार्यालयाला सुट्टी म्हणून दुसऱ्या दिवशी अंक येत नाही. मी लहान असताना वडील ती चौकट मोठ्याने वाचून दाखवायचे, ‘उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही’, आणि आई म्हणायची, चला, उद्या त्या पेपरवाल्या पोराला झोपू दे. आमचा पेपरवाला तेव्हा सातवीत होता, पहाटे चारला उठायचा. ती चौकट हल्ली शोधावी लागते, जाहिरातींच्या मध्ये कुठल्या तरी कोपऱ्यात असते, यंदा तर मला दिसलीच नाही, सकाळी आई पेपरची वाट बघत दारात उभी राहिली. पुढच्या दिवाळीत ती पहिल्या पानावर, वर, ठळक छापाल का? आणि त्यात एक ओळ वाढवा, की आमचे छपाईवाले, गाडीवाले आणि घरोघरी पेपर टाकणारे उद्या घरी आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)